डोळ्यांच्या दवाखान्यातली डोकेदुखी

दवाखान्यात दोन गोष्टी कितीही टाकल्या तरी साठतच जातात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान भंगारवाला नेतो, किस्से कुणी नेत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी इस्लामपूरला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टरांचा हात हलका, पण जीभ तिखट. "हात मोडला तर जोडता येतो, दात पडला तर बसवता येतो, डोळा गेला की गेला," हे ते प्रत्येक पेशंटला ऐकवत. पेशंट मान डोलवत आणि घरी जाऊन नेमकं नको तेच करत. त्यांना समजावून समजावून माझं डोकं उठायचं.

*

आष्ट्याचे एक बागाईतदार आले. डोळा आतून सुजलेला. डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब दिले आणि बजावलं, "काही दिवस जवळचं धूसर दिसेल, ऊन सोसणार नाही. घाबरू नका."

तिसऱ्या दिवशी दारात बैलगाडी उभी राहिली. तिच्यातून अख्खं घर उतरलं. बायकांनी डोळ्यांवर पदर ओढलेला, गड्यांनी टॉवेल धरलेला. सगळे एकमेकांना धरून पायऱ्या चढले.

"डागतर, औषध लय गुणाचं निघालं," बागाईतदार म्हणाले. "मला उतार पडला. उरल्यालं वाया कशाला घालवायचं, म्हून समद्यांच्या डोळ्यात थेंब थेंब घातलं. तवापास्नं कुणालाच ऊन सोसंना. सुनंला तव्यावरची भाकरी दिसंना."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मग इथवर गाडी कुणी हाकली?"

"बैलंच आली की. त्यास्नी बाजाराची वाट ठावं हाय. त्यांच्या डोळ्यात न्हाई घातलं, औषध पुरलं न्हाई."

*

आमच्या भागात घराआड एक जण पलटणीत. त्यातला एक जवान मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटातून रजेवर आला आणि येताना काळा गॉगल घेऊन आला. त्याच सुमाराला त्याच्या गावात डोळे यायची साथ आली. डॉक्टर स्वतः गावात गेले, चावडीपुढं उभं राहून त्यांनी सांगितलं, "ज्याचे डोळे आलेत त्याचा टॉवेल वेगळा, रुमाल वेगळा. कुणी कुणाचा वापरायचा नाही."

आठवड्याभरात त्या जवानाची सगळी आळी लाल डोळे घेऊन दवाखान्यात. डॉक्टर भडकले. "टॉवेल वेगळे ठेवायला सांगितलं होतं ना?"

"टावेल येगळंच हैत, सायेब," एक पैलवान म्हणाला. "गॉगल तेवढा एकच हाय. त्यो पाळीपाळीनं घालतोय."

सगळ्यांत शेवटी तो जवान आला. डोळे टम्म सुजलेले आणि उन्हानं मिटलेले. मी विचारलं, "अहो, तुमचा गॉगल कुठाय?"

"माजा नंबर लागायचाय अजून," तो म्हणाला.

*

कोरेगावचे एक आबा लेकीकडे आले होते. त्यांना डॉक्टरांनी चष्मा करून दिला. वर्षानं परत आले तेव्हा तक्रार तीच, डोकं दुखतंय, वाचताना पाणी येतंय. चष्मा बघितला तर नवा कोरा! फडक्यात बांधलेला.

"रोज लावता का?"

"न्हाई वं. लय जपून वापरतोय. सणासुदीला नि लगनाकार्याला लावतो. झिजला म्हंजी?"

"आणि डोळे? ते रोज वापरता ना?"

"डोळं काय इकत आणल्यात व्हय?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि ते मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. पुढचे पेशंट बराच वेळ खोळंबले.

*

इथवरचं हसण्यावारी नेता येतं. पण एक किस्सा आठवला की अजून मला तिडीक येते.

ऊस तोडताना एका तरण्या पोराच्या डोळ्याला पाचटाची कड लागली. साधं खरचटलेलं. त्याच दिवशी आला असता तर मलम आणि पट्टीवर भागलं असतं. चुलता त्याला घेऊन आला तो दहाव्या दिवशी. बुबुळावर पांढरं फूल पडलेलं.

"काय काय घातलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

चुलत्यानं बोटांवर मोजत सांगितलं, "पयल्यांदा मध. मग तुरटीचं पानी. मग कांद्याचा रस. त्यानं लय आग आग झाली, म्हून तूप."

"मग आज इथं कशाला आलात?"

"आता घालायचं काय ऱ्हायलंच न्हाई."

त्या डोळ्यानं पोराला पुढं नुसता उजेड कळायचा. चुलत्याला मी तोंडाला येईल ते बोललो. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

*

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे तेव्हा पेशंटची सत्त्वपरीक्षा असे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि दहा दिवस उताणं पडून राहायचं. आणि नातेवाईक? ते "दिसाय लागलं का?" म्हणत सरळ पट्टीच वर करायचे. असा एकाचा डोळा गेल्यावर डॉक्टरांनी कडक हुकूम काढला. पट्टीला जो हात लावील त्याला बाहेर काढा, मग तो पाटील असो नाहीतर फौजदार.

अशात आटपाडीकडची एक धनगरीण मावशी दाखल झाली. तिचा एक डोळा बाजारातल्या सुईवाल्या वैदूनं मोतीबिंदू काढतो म्हणून कायमचा घालवला होता. उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी जीव ओतून केलं. चौथ्या दिवशी तिचा एकुलता एक मुलगा खाकी कपड्यांत येऊन खाटेशी बसला. दुपारच्या कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं त्याला परत जायचं होतं आणि पुढं बोटीनं लढाईवर.

मावशीनं त्याचं तोंड चाचपलं, मग खांदे, मग सदऱ्याची बटणं.

"वाळलास रं," ती म्हणाली.

"न्हाई, आये."

डॉक्टर राउंडला आले. मुलगा कुठं चाललाय ते त्यांनी ऐकलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "कात्री आण."

मी ट्रे आणला. डॉक्टर वाकले. "मावशी, क्षणभर पट्टी सरकवतो. मान हलवू नका. पोराला बघून घ्या."

मावशीनं दोन्ही हातांनी पट्टी गच्च दाबून धरली. "हात लावू नगा, डागतर. डोळा जाईल म्हून तुमीच सांगितलंय न्हवं?"

"मावशी, अहो, तो लढाईवर चाललाय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "म्हून तर. त्यो परत यील तवा त्याला कशानं बघू?"