उसन्या पोरांची शाळा

दोन सरकारी हपिसं एकमेकांवर कोर्टात गेली की तमाशा बघायला तिकीट लागत नाही. आमच्या तालुक्याच्या गावात पुरसभा आणि वीज कंपनी बरीच वर्षं अशी भांडत होती. पुरसभा म्हणजे आमच्या कन्नड मुलखातली नगरपालिका. तिचं म्हणणं, वीज कंपनीच्या आवाराची घरपट्टी थकली आहे, ती भरा. कंपनीचं म्हणणं, आम्ही लोकांची सेवा करतो, आम्हाला घरपट्टी लागूच होत नाही. सेवा! ज्यांच्या कृपेनं वैशाखात भर दुपारी अख्खं गाव घामानं निथळायचं, त्यांच्या तोंडी हा शब्द. आणि जिच्या गटारी दसऱ्याला तुंबल्या की गुढीपाडव्यापर्यंत तशाच राहायच्या, ती पुरसभा म्हणे कायद्याची चाड राखणार. दोन्हीकडचे वकील आमच्याच पैशावर पोसलेले. आत एकमेकांवर तुटून पडायचे आणि तारीख मिळाली की कोर्टासमोरच्या एकाच टपरीवर एकाच बाकड्यावर बसून चुरमुऱ्यांची सुशीला खायचे.

मला ह्या भांडणाचं सोयरसुतक असण्याचं काही कारण नव्हतं. पण माझी शाळा त्या आवारात होती.

शाळा म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे, पुढे एक ओटा. कधीकाळी कंपनीनं आपल्या कामगारांच्या मुलांसाठी गावातल्या एका संस्थेला त्या दिल्या होत्या. मराठी माध्यम, पहिली ते चौथी. मी लागले तेव्हा आम्ही तिघी शिक्षिका होतो आणि मुलं ओट्यावर बसायची. मग गावातल्या मराठी घरांना इंग्रजीचा शोध लागला. सीमाभागात मराठी जगली पाहिजे म्हणून गणपतीच्या मांडवात घसा कोरडा करणारे पुढारी दुसऱ्या दिवशी सकाळी आपली नातवंडं पिवळ्या व्हॅनमध्ये चढवायचे आणि मला बघितलं की नमस्कार घालायचे. मी तो नमस्कार घेत नसे. शेवटी राहिले मी एकटी आणि अकरा मुलं. हमालांची, धुणंभांडी करणाऱ्या बायकांची, एका बांगडीवाल्याच्या दोन मुली. पुढची मराठी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे, मोठ्या माणसाला चालत तासभर लागेल एवढ्या लांब. ही शाळा गेली असती तर मला संस्थेनं दुसरीकडे कुठेतरी टाकलं असतं, माझा पगार चुकला नसता. त्या अकरांना मात्र कोणी कुठे टाकणार नव्हतं.

खरं तर कंपनीला त्या खोल्या केव्हाच पाडायच्या होत्या. तिथे तिला जळके ट्रान्सफॉर्मर ठेवायला शेड हवी होती. पण घरपट्टीचा दावा लागला आणि कोर्टानं ‘जैसे थे’चा हुकूम दिला. आवारात कोणी काही बांधायचं नाही, काही पाडायचं नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा. तारीख पडली की मला बरं वाटायचं. न्यायाला उशीर व्हावा म्हणून देवाला हात जोडणारी त्या तालुक्यात मी एकटीच असेन.

मध्ये एकदा पुरसभेच्या कर वसुली साहेबांनी हलगीवाले आणले. थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, म्हणजे गल्ली गोळा होते आणि माणूस शरमेनं पैसे आणून देतो, अशी आमच्याकडची रीत. गरिबाच्या दारात ती लागू पडते. इथे कंपनीच्या फाटकासमोर तीन तास हलगी कडकडत होती आणि आतले बाबू खिडकीत उभे राहून ताल धरत होते. लाज असेल त्याच्या दारात वाजवावी, एवढं साधं साहेबांना कळलं नाही. दुपारी दुरुस्तीच्या नावाखाली पुरसभेच्या इमारतीची वीज गेली, ती तिसऱ्या दिवशी आली. माझी पोरं मात्र त्या हलगीवर मनसोक्त नाचली.

मग कंपनीच्या वकिलानं एक कलम शोधून काढलं. शिक्षणासाठी वापरात असलेल्या इमारतीला घरपट्टी माफ असते. झालं! गळके पत्रे बदला म्हणून मी ज्यांना वर्षानुवर्षं अर्ज दिले, ते इंजिनिअर साहेब एका सकाळी स्वतः चपला बाहेर काढून वर्गात आले.

“मॅडम, तुमची शाळा म्हणजे आमच्या आवाराचं भूषण आहे बगा.”

भूषणाला चुना लागला. नवी पाटी आली. पंखा आला, तोही फिरणारा. माणूस एवढा वाकलेला मी जवळून बघितला नव्हता, म्हणून मजेनं बघत होते. आठवड्याभरात कोर्टानं नेमलेला कमिशनर पाहणीला येणार होता. शाळा खरंच चालते का, हे बघून तो अहवाल देणार होता.

“पोरं किती हायत?” साहेबांनी विचारलं.

“अकरा.”

“अकरा?” त्यांचं तोंड कडू झालं. “अकराला साळा कोण म्हणंल, मॅडम? कमिशनर हसतील की.” मग त्यांनी आवाज उतरवला. त्यांच्या मेव्हण्याची इंग्रजी शाळा होती. तिथून एका दिवसासाठी दोन व्हॅन भरून लहान मुलं येतील. सगळी मराठी घरचीच, बोलायला चालायला आपलीच. मी फक्त हजेरीपटात नावं घालायची. “एका दिवसाचा प्रश्न हाय. न्हाई म्हणू नका. तुमच्याच साळंसाठी करायलाव.”

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ह्या लबाडांच्या बाजारात माझं एक लहानसं खोटं खपून जाईल असं वाटलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. ते कारण खरं नाही. अकरा हा आकडा परक्या माणसासमोर उच्चारायची मला लाज वाटत होती. ज्या व्हॅनवाल्यांना मी मनातून शिव्या द्यायचे, त्यांच्यासारखी दिसणारी शाळा एक दिवस का होईना माझीही असावी असं मला वाटलं. दोन संध्याकाळी बसून मी नवा हजेरीपट लिहिला. जूनपासून हजेरी भरली. खरं वाटावं म्हणून मधे मधे गैरहजरीही घातली. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

त्या दिवशी व्हॅनमधून उतरलेली मुलं गोरीगोमटी, तेल लावलेली, बूट घातलेली. गणवेश कळू नये म्हणून घरच्या कपड्यांत आणली होती, सगळ्यांचे कपडे सणाचे. मी त्यांना पुढे बसवलं. माझ्या अकरांचे कपडे विटलेले, त्यांना मागच्या भिंतीला सरकवलं. तिसरीतली बांगडीवाल्याची थोरली हलेना.

“बाई, ही माजी जागा हाय.”

“आज मागं बस.”

“कामून?”

“मी सांगते म्हणून.”

ती दप्तर उचलून मागे गेली. इतक्या वर्षांत मी कोणत्याही मुलाला इतकं वाईट काही बोलले नव्हते, आणि मला ते बोलताना काही वाटलंही नाही.

कमिशनर म्हणजे बिदरकडचा एक तरुण वकील निघाला, हळू बोलणारा. त्याच्याबरोबर इंजिनिअर, कंपनीचे वकील, पुरसभेचे वसुली साहेब. त्यानं हजेरीपट चाळला, मान हलवली. पाटीचा फोटो घेतला. सगळं निभावलं असं वाटलं तेवढ्यात तो हसून म्हणाला, “मी बी मराठी साळंतच शिकलोय, बाई. लई दिवस झाले ऐकून. पोरांनो, दोनाचा पाढा म्हणा बगू.”

पुढच्या रांगा एका सुरात सुरू झाल्या: “टू वन जा टू, टू टू जा फोर, टू थ्री जा सिक्स…”

मागून माझी अकरा, नेहमीसारखी बेंबीच्या देठापासून: “बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा…”

दोन्ही पाढे मध्येच एकमेकांत अडकले आणि थांबले. वर्गात फक्त नवा पंखा फिरत होता. पुरसभेच्या साहेबांना आनंद लपवता येईना. “अक्का, ही कुठली मराठी हो?” म्हणाले. कमिशनरनं पुढच्या एका मुलाला जवळ घेऊन विचारलं, तू कोणत्या शाळेत जातोस? शिस्तीचं पोर ते. हात मागे बांधून त्यानं आपल्या शाळेचं नाव सांगितलं, शेवटच्या ‘इंटरनॅशनल’सकट, आणि आमची व्हॅन बाहेर उभी आहे हेही सांगितलं. इंजिनिअर साहेब तोवर फोन कानाला लावून ओट्यावर गेले होते.

ह्या मंडळींची अक्कल बघा. मराठी शाळा दाखवायला इंग्रजी शाळेतली पोरं आणली आणि कोणाच्याही डोक्यात पाढा आला नाही. सगळ्यांनी घरात पोरांच्या तोंडून रोज इंग्रजी पाढेच ऐकलेले, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हेच विसरले. पण त्यांना हसायचा मला काय अधिकार? जन्मभर पाढे शिकवत आलेली मीच विसरले होते.

अहवालात कमिशनरनं लिहिलं, शाळा बनावट, पाहणीपुरती उभी केलेली. सगळीच. मागच्या भिंतीला बसलेली अकरा त्यात कुठे नव्हती. कंपनीची अब्रू गेली आणि पुरसभेलाही रोजच्या तारखांचा कंटाळा आला होताच. दोघांनी तडजोड केली. थोडी घरपट्टी ह्यांनी भरायची, थोडी त्यांनी सोडायची, आणि वापरात नसलेलं बांधकाम कंपनीनं पाडून टाकायचं. वापरात नसलेलं म्हणजे आम्ही. सह्यांच्या दिवशी साहेबांनी साहेबांना शाली घातल्या, नारळ दिले. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं सख्ख्या भावांसारखी गळ्यात पडली.

त्या दिवशी टपरीवर कंपनीचे वकील भेटले. सुशीला खात होते. मला बसा म्हणाले आणि अगदी सहज बोलले, “बाई, कामून केलात तसलं? कायद्यात पोरांचा आकडा कुठं हाय? एक पोरगं जरी खरं शिकत असलं तरी ती खोली साळाच की. अकरा म्हणजे रगड झाले असते. तुमच्या दोन खोल्यांना कोणी हात लावला नसता.”

“मग हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?”

“मला इचारलं कोण?”

इंजिनिअर साहेबांनी नाही, मीही नाही. एका ओळीचा प्रश्न होता. त्यांनी विचारला नाही कारण त्यांना शाळेशी देणंघेणं नव्हतं. मी विचारला नाही कारण मला उत्तर आधीच ठाऊक होतं: अकरा मुलं म्हणजे काही नाही. व्हॅनवाल्या आईबापांचं जे मत, तेच माझं निघालं. आजवर मी त्यांना तुच्छ समजत होते, आता त्या यादीत पहिलं नाव माझं लिहावं लागतं.

पत्रे उतरवायच्या आदल्या दिवशी मी टीसी लिहायला बसले. सात मुलं जवळच्या कन्नड शाळेत गेली. दोघं गेली आईबापाबरोबर अफजलपूरकडे, ऊसतोडीला. बांगडीवाल्याच्या दोघी कुठेच जाणार नव्हत्या. त्यांची आई म्हणाली, हमरस्ता ओलांडून रोज कोण सोडंल, राहू द्या घरीच. थोरली तिच्याजवळ उभी राहून मी लिहिते ते बघत होती. ती आता चांगलं वाचायची, मीच शिकवलेलं. टीसीवर शाळा सोडण्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. मी तिच्यासमोर, माझ्या चांगल्या अक्षरात, अकराही कागदांवर एकच कारण लिहिलं: पालकांच्या विनंतीवरून. एकाही पालकानं विनंती केली नव्हती.