तोफ भांडायची तेव्हा आजी जेवायची

तोफ म्हाताऱ्या माणसांशी भांडायची. लटकं नाही, खरंखुरं, पदर खोचून. कामणच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात ती आणि मी आया होतो; आवाजामुळे सगळे तिला तोफ म्हणायचे. ती जूचंद्रची, मिठागरात वाढलेली. वरच्या मजल्यावर ती बोलली की खाली स्वयंपाकघरात कळायचं, आज आंघोळीला कोण नाही म्हणतंय. पहिल्या दिवशी मला ती मुळीच आवडली नाही.

हे काम न केलेल्यांना वाटतं, सेवा म्हणजे गोड बोलणं. सेवा म्हणजे आधी कंबर. जड माणसाला कुशीवर वळवायचं, डायपर बदलायचा, पाठ पुसून कोरडी करायची, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक. घरी जेवायला बसलं तरी हाताचा फिनेलचा वास जात नाही. आम्ही बाकीच्या "सोन्या, राणी" करत उरकायचो. तोफ चिडायची. "एवढा संसार हाकलाय तिनं. सोन्या काय म्हनतेस? तिला काय पाळन्यात घालायचीय?"

अर्नाळ्याची एक आजी होती. जन्मभर बाजारात बसून मासळी विकलेली. हात थरथरायचे, भरवावं लागायचं, आणि ती तोंड मिटून घ्यायची. तोफ ताट घेऊन उभी राहायची. "काल आमटी खारट, आज भात कच्चा. तुझं पापलेट तरी ताजं असायचं का गो?"

"माझं पापलेट शिळं? अगो, तुझ्या सासूनं कधी पापलेट बघितलंय का?"

एका शिवीपासून दुसरीपर्यंत एक चमचा आत. ताट रिकामं होईपर्यंत दोघी दमलेल्या असायच्या. मग तोफ तिचं तोंड पुसायची, डोक्याला तेल लावून वेणी घालायची. तेव्हा मात्र एक शब्द नाही.

एका रविवारी आजीचा मुलगा विरारहून लवकर आला आणि त्याने हे ऐकलं. तो सरळ आश्रम चालवणाऱ्या मॅडमकडे गेला. मॅडमनी तोफेला बजावलं, "पुन्हा आवाज चढला तर काम बंद." तोफेचा नवरा दम्याने घरी बसलेला, कमावणारी ती एकटीच. सोमवारपासून ती हळू बोलायला लागली. "आजी, जेवा हं. एकच घास."

आजी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. दोन दिवस घासाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावलं. "डाक्टर काय बोलला गो माझं? खरं सांग. ही पन गोड बोलाया लागली. म्हंजे मी आता मरनार." त्यानंतर ती पाणीसुद्धा घेईना. नुसतं तोंड ओलं करू द्यायची.

निरोप गेल्यावर मुलगा धावत आला. स्वतः चमचा घेऊन बसला, "आई, आई" करत. आजीचे ओठ मिटलेले. तोफ दारात चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिने गठ्ठा खाली ठेवला.

"किती नाटकं गो म्हातारे? कुजके बोंबील लोकांच्या गळ्यात मारलेस, त्याचं काय?"

आजीने डोळे वटारले. "कुजके? तुझ्या बापानं खाल्ले ते, बोटं चाटत!"

तोंड उघडलं होतं. तोफेने मुलाच्या हातातला चमचा घेतला. तो खाली मान घालून बसला, ताट संपेपर्यंत.

पण आवाज भेटायला आलेल्या सगळ्यांनी ऐकला होता, आणि मॅडमनी शब्द पाळला. मुलाने तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

तोफ रडलीबिडली नाही. पिशवी भरली, आजीच्या खाटेशी गेली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "उद्यापासून ही येनार. हिला चांगली छळ."

"जा, तोंड नको दावू," आजी म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट घेऊन उभी राहिले. चमचा पुढे केला, तिने ओठ मिटले. शेवटी म्हटलं, "तुझे बोंबील कुजकेच होते."

आजीने मला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"तुला नाय जमत गो भांडाया," ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.