स्वस्त म्हणायचं नाही

माझ्या बहिणीच्या मुलाइतका बिनकामाचा कष्टाळू माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. गल्लोगल्ली इंटरनेटची दुकानं निघाली, त्या सुमारास याने कारखान्यातली चांगली नोकरी सोडली आणि लोक कॉम्प्युटरवर काय शब्द लिहून वस्तू शोधतात, ते शोधायला बसला. त्या शब्दांना तो 'कीवर्ड' म्हणायचा. दुकानदाराच्या वेबसाइटवर नेमके तेच शब्द घातले की गिऱ्हाईक आपण होऊन येतं, असं त्याचं म्हणणं. मी चौथी शिकलेली बाई, पण त्याने इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ झालं. त्याच्या बायकोला मात्र कधी पटलं नाही.

माणसं बोलताना काय म्हणतात ते ऐकायला हा वही घेऊन एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. मेनरोडला एका बाईच्या मागे "ताई, परत एकदा म्हणा ना" करत गेला, तेव्हा तिच्या नवऱ्याने कॉलर धरली. सोडवायला आलेल्या पानवाल्याला हा विचारतो, "तुम्ही याला भांडण म्हणाल की मारामारी?" माझ्याकडे येवल्याला आला की ताटावरही तेच. "मावशी, गुडघा दुखला तर तू काय विचारशील?"

"कोणाला विचारू? तेल लावीन आन गप बसेन."

तेही मेल्याने लिहून घेतलं.

माझ्या घरात तेव्हा एकच हातमाग उरला होता. नवरा गेल्यावर मी आणि सून त्यावर पैठण्या विणायचो, पण व्यापारी फिरकेनासे झाले होते. गिऱ्हाईक मिळालं नाही तर माग बंदच पडणार होता. भाचा म्हणाला, वेबसाइट मी करतो. महिनाभर शब्द गोळा केले आणि एका दुपारी मागाशेजारी बसून खालमानेने म्हणाला, "मावशी, सगळ्यात जास्त लोक 'स्वस्त पैठणी' शोधतात. तो शब्द वर घालावा लागेल."

मी हातातला धोटा खाली ठेवला. "डोळे फोडून एकेक मोर विणते मी. त्याला स्वस्त म्हणतो? तसं लिहिलं तर या घरात पाय ठेवू नको."

"अगं, नुसता शब्द आहे. त्या शब्दानं लोक येतील तरी. मग पदर बघून ठरवतील."

"नाय म्हटलं ना!"

त्याने नाही घातला. 'अस्सल', 'हातमागाची', 'पिढीजात' असे माझ्या पसंतीचे शब्द घातले. कोणी आलं नाही. गावातल्याच एका यंत्रमागवाल्याने 'स्वस्त' लिहिलं आणि त्याच्या दारात बाहेरगावच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. दोन वर्षांनी आम्ही माग मोडून लाकूड विकलं. सून आता त्या यंत्रमागवाल्याच्याच दुकानात साड्यांच्या घड्या घालते.

भाचा अजून येतो. मी त्याला तोंडावर सांगते, चूक तुझीच. परक्या बाईचं बोलणं ऐकायला मार खाल्लास, बायकोचं कधी ऐकलं नाहीस. जन्मात एकदाच घरच्या माणसाचं ऐकलंस, ते नेमकं माझंच, आणि त्याच दिवशी?

विणताना पाय सोडायचा मागाखालचा खड्डा आम्ही केव्हाच बुजवून वर फरशी घातली. तरी उठून जाताना भाचा तिथे वळसा घालतो. मीही घालते.