जास्तीची अर्थिंग

चूक माझी होती आणि नाव मी अनघाचं घेतलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे स्वतःची बाजू सावरायला मला जागा उरणार नाही.

इथे परदेशात, आंग मो किओ नावाच्या भागातल्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी गिटारचे अँप्लिफायर दुरुस्त करतो. त्याआधी बरीच वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. अनघा नाशिकची, आमच्याकडे प्रोबेशनवर. तिला ठेवायचं की नाही, हे बॉस त्याच आठवड्यात ठरवणार होता. नाही म्हणाला, की तिचा वर्क पास रद्द आणि परतीचं विमान.

रझाक आमचं जुनं गिऱ्हाईक, लग्नांमध्ये वाजवतो. त्याच्या जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या अँपचे कपॅसिटर अनघाने बदलले, फायनल चेकिंग मी केलं. दुसऱ्याच दिवशी तो अँप घेऊन परत हजर.

"अंकल, मी गिटार लावायच्या आधीच हा गायला लागतो. शनिवारी लग्न आहे, नवरी पळून जाईल!"

बॉस टॅन शेजारीच होता. "सुर्वे, हे काम कुणी केलं?"

"कपॅसिटर अनघाने बदललेत," मी म्हणालो. "तिचाच एखादा जॉइंट कच्चा असणार."

अँप अजून उघडलाही नव्हता. अनघा दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिने सगळं ऐकलं.

अँप सुरू केला. खोल, एकसुरी घूं. स्पीकरच्या कापडावर तळवा ठेवला तर थरथर जाणवत होती. इथली मेन्सची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. तिचा डीसी करताना हे हेलकावे दुप्पट होतात; ती उरलेली थरथर शोषून घेणं हे कपॅसिटरचं काम. ते नीट झालं नाही, तर शंभर हर्ट्झचा, जरा खरखरीत आवाज येतो. मी लहरी दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर पाहिलं. पन्नास होते. म्हणजे अनघाचं काम चोख होतं. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पहिला व्हॉल्व्ह काढला, घरघर थांबली. म्हणजे आवाज अगदी सुरुवातीला, गिटारची पिन खोचतात तिथेच शिरत होता. व्हॉल्व्ह परत लावला आणि लाकडी चॉपस्टिकने एकेक वायर हलवत गेलो. आत चारशे व्होल्ट असतात, बोट घालून चालत नाही. एका हिरव्या-पिवळ्या वायरीपाशी आवाज बदलला.

ती वायर मी लावली होती.

जहाजावर दिसेल तो धातू जमेल तितक्या ठिकाणी जहाजाच्या लोखंडी अंगाशी जोडायचा, ही शिस्त. हाताला तीच सवय. टेस्ट झाल्यावर, "असू दे आणखी एक" म्हणून, मी इनपुटपासून ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टपर्यंत ती वायर टाकली आणि पुन्हा टेस्ट न करता झाकण बंद केलं. मेन्सची सुरक्षेची अर्थिंग वेगळी असते, ती होतीच. पण अँपच्या आत इनपुटच्या अर्थिंगला एकच वाट हवी. दोन झाल्या की वायरींचं कडं तयार होतं आणि ट्रान्सफॉर्मर त्यात आपली घरघर उतरवतो.

वायर कापली. अँप गप्प.

टॅन डोकावला. "ओके? तिचाच जॉइंट ना?"

"ओके," मी एवढंच म्हणालो. तो गेला.

जेवणानंतर अनघा बेंचपाशी आली. "सर, कुठला जॉइंट होता?"

"झालं ते. सोड."

"सोडून कसं चालेल? दाखवा ना. मी सकाळपासून आठवतेय, माझा हात नक्की कुठे चुकला."

टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की ती चुकली. कापलेली वायर उचलली, तिला म्हटलं "चल", आणि टॅनच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं.

टॅनने वायर उलटसुलट पाहिली. "केस पिकले तुझे सुर्वे, आणि असं करतोस? ती राहील. पण मला काय सांगतोस? टेल हर, लाह."

त्या दिवसापासून टेस्टनंतर हात लावला, की मी पुन्हा टेस्ट करतो. आणि अँप उघडल्याशिवाय कुणाचं नाव घेत नाही.

पण त्या दिवशी, तिथेच केबिनमध्ये, मी अनघाकडे वळलो. "तुझा एकही जॉइंट कच्चा नव्हता. वायर माझी होती. ते कळल्यावरही मी तुला चुकीची ठरू दिलं. मला माफ कर."