कच्ची टीप

माझे सासरे शाळेसमोरच्या खोलीत चाळीस वर्षं दप्तरं शिवतायत. सगळे त्यांना दप्तरकाका म्हणतात. त्यांच्या दप्तराचा बंद कधी तुटत नाही. दुहेरी पट्टी, वर सहा टिपा. "कापड फाटेल, शिलाई नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

माझ्या मुलीचं दप्तर अर्थातच त्यांच्या हातचं. ती नऊ वर्षांची. दप्तर एकाच खांद्याला अडकवून, वाकून घरी यायची. "सरळ चाल गं!" म्हणून मी रोज ओरडायचे. पुढे तिची मान दुखायला लागली, लिहिताना हाताला मुंग्या येऊ लागल्या. शेवटी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी दप्तर काट्यावर ठेवलं. सात किलो. मग मुलगी. चोवीस.

"हाडात अजून काही नाही," त्या म्हणाल्या, "पण असंच चाललं तर पाठीला बाक येईल. एवढ्या ओझ्याने बाकीच्या पोरांचे बंद तरी तुटतात, मग आईबाप आत डोकावतात. हे कुणी शिवलंय?"

"मी," सासरे खाली बघत म्हणाले.

घरी येताना दप्तर त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. दप्तर उघडून मी तरी कधी पाहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीच्या दप्तराचे बंद उसवले आणि साध्या दोऱ्याची एकेरी टीप मारून पुन्हा बसवले. आत वजनं टाकून ते खुंटीला लटकवून पाहिलं. अडीच किलोला टिकलं, तीनला उसवलं. मग परत तशीच टीप मारली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम कच्चं काम केलं.

"सूनबाई, जास्त भरलंस तर तुटणार बरं का," मला बजावलं.

मी दप्तर हलकं केलं. पण वर्गात बाईंनी सगळी पुस्तकं आणायचा दम भरला आणि पोरीने घाबरून सगळं परत कोंबलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऐन फाटकात बंद सुटला. मुख्याध्यापिका तिथेच होत्या, त्यांनीच पसारा गोळा केला. तास होते चार, वह्या-पुस्तकं निघाली एकोणीस. पंधरा दिवसांत वर्गात पुस्तकं ठेवायला कपाटं आली.

इकडे मात्र बोभाटा झाला. "दप्तरकाकांच्या हातात आता काही राहिलं नाही!" दोन-चार गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मी पदर खोचून भांडायला निघाले, तर सासरे म्हणाले, "म्हणू दे गं."

दर रविवारी ते नातीला भिंतीला टेकवून उभी करतात आणि जमिनीपासून दोन्ही खांदे टेपने मोजतात. सुरुवातीला दोन बोटांचा फरक होता, मग एका बोटाचा. परवा मोजता मोजता थांबले आणि टेप माझ्यापुढे केली.

"सूनबाई, तू बघ. मला नीट दिसत नाहीये."

मी मोजलं. दोन्ही खांदे सारखे भरले. तसं सांगितलं, तर डोळे पुसत म्हणाले, "पुन्हा मोज."