घाईच्या खेळात शेवंतामावशी

शेवंतामावशी कानात गुपित सांगायच्या, तेही चार घरं पलीकडे ऐकू जायचं. वर "कोणले सांगू नको हं" असं बजावायच्या, तेही चार घरं ऐकायची. अमळनेरकडून लग्न होऊन त्या सुरतेला आल्या आणि लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात त्यांची उमर गेली. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय बोलणंच नाही. पुढे कारखाना सुटला, आवाज काही सुटला नाही. सुरतेच्या गोडादऱ्यात त्यांची आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे काय शिजतंय हे आम्हाला वासाच्या आधी कळायचं.

या आवाजाची मला एकदा गरज पडली. मी आणि माझा गुजराती मित्र हितेश मोबाइलसाठी टॅक्सीचा गेम बनवत होतो. साधा, धांगडधिंग्याचा गेम: सवारी घ्यायची, सिग्नल तोडायचे, फुटपाथवरून उड्या मारायच्या आणि वेळ संपायच्या आत तिला पोचवायचं. सवारीने मागे बसून सतत घाई करायची. वडिलांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. गेम चालला नाही तर मामाच्या साड्यांच्या दुकानात बसायचं. मामा चांगला माणूस आहे, पण मला तिथे बसायचं नव्हतं.

अशा एका सवारीचा आवाज द्यायला, रेकॉर्डिंगला, मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. मी वाक्य दिलं, "चाल भाऊ, बिगीबिगी चाल." मावशींनी ते झकास म्हटलं आणि त्याच दमात पुढे जोडलं, "पन सावकाश रे दादा, घर पोरं वाट देखी राहिनात." पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मावशी कबूल करायच्या, माइक समोर आला की विसरायच्या. घाईच्या गेममध्ये हे ब्रेक मारायचं बोलणं! हितेशने कपाळाला हात लावला. "मावशी, आ तो ब्रेक मारवानी वात छे."

मावशींनी त्यालाच समजावलं, "ज्यान्हा हातमा गाडी शे, त्याले नुसती घाई सांगू नही." त्यांचा थोरला भेस्तानला कापडाचा टेम्पो चालवतो, त्यापुढे आम्ही काय बोलणार? एका दमातलं ते बोलणं कापताही येईना. शेवटी तसंच ठेवलं. म्हटलं, इतक्या सवाऱ्यांतली एक, कोणाच्या लक्षात येणार आहे.

गेम आला आणि पहिल्या दोन-तीन परीक्षकांनी आमची बिनपाण्याने केली. शहर लहान, रस्ते तेच ते, अर्ध्या तासात कंटाळा. त्यातलं काही खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. आता उरला होता गेमवर व्हिडिओ करणारा पुण्याचा एक पोरगा. तो चांगलं म्हणाला की पोरं डोळे झाकून गेम उतरवून घेतात. त्याचा व्हिडिओ लावला तेव्हा मावशी आमच्याच दारात मेथी निवडत बसल्या होत्या. आमचे चेहरे पाहून त्यांचा हात थांबला.

"मन्हामुये तुमनं नुकसान व्हयनं का रे?" त्या इतक्या हळू बोलल्या की मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"गेममध्ये खोली नाही," तो पोरगा म्हणाला. मग तो हसायला लागला. "पण यात एक मावशी आहेत. हेडफोन काढून ठेवावा लागतो. त्या सावकाश म्हणाल्या आणि वेगाच्या बटणावरचा माझा अंगठा आपोआप उचलला गेला. वेळ संपली, हरलो. पुन्हा सुरू केला तो त्यांना घरी सोडायलाच. दिवसभर त्यांनाच शोधत फिरतोय. घ्या हा गेम."

हितेशने मला मिठीच मारली. मामाचं दुकान टळलं होतं. इतकं हायसं वाटलं की माझे डोळे भरून आले. मी मावशींजवळ बसलो आणि सगळं सांगितलं: तुमचं ऐकून त्याने गाडी हळू केली, आणि त्याला तुम्हीच सगळ्यांत आवडलात.

मावशींना कौतुकाचं काही पडलेलं नव्हतं. "पन तो भाऊ पोचना ना घर?"

टॅक्सी खोटी आहे, रस्ता खोटा आहे, तो पोरगा पहिल्यापासून घरातच बसलाय, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"पोचला, मावशी," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.