फणसाचा पाट

धाकटी बहीण निडीहून दोन फळ्या घेऊन पेणला आली, तेव्हा तिला चहा विचारायच्या आधी मी फळ्याच हातात घेतल्या. एकीला बाक, दुसरीला चक्क पीळ. जमिनीवर ठेवली तर पाळण्यासारखी हलायला लागली.

"काय केलंस गो हे?"

"सरळ होतील म्हनून भाताच्या पोत्यांखाली ठेवल्या. चुकलं काय?"

पोत्यांखाली, आणि तेही नुकत्याच सारवलेल्या पडवीत! खालचं अंग ओल पिऊन फुगलं, वरचं कोरडंच राहिलं. वाकलेलं काहीही भाताच्या पोत्याखाली सरळ होतं, असा आमच्या घराण्यातच ठाम समज आहे. मी चांगलाच तापलो, कारण फळ्या या दोनच होत्या.

फणस मेव्हण्यांनी लावलेला. मूर्तींच्या कारखान्यातून गणपती दरवर्षी तेच पाटावर ठेवून, डोक्यावर घेऊन आणायचे. गेल्या वर्षी ते गेले, म्हणून घरात गणपती आला नाही. त्याच पावसाळ्यात झाडही आडवं झालं. रोह्याच्या वखारीत कापलं तर आत पोकळ. धड निघाल्या त्या एवढ्याच. गणपतीचा जुना पाट वाळवीने खाल्ला होता. यंदाचा गणपती याच लाकडाच्या पाटावर बसावा आणि मी त्याच्या कडेने फणसाची पानं कोरावीत, एवढं तिचं मागणं. डोलवीच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून मी कोरीवकामच करतो. चांगली खोल, उठावदार नक्षी मनात ठरवूनही ठेवली होती.

फळ्या बरेच दिवस सावलीत उभ्या करून वाळवल्या. थोडा बाक गेला, पीळ मात्र हटेना. मग स्वयंपाकाच्या ओट्यावर गेरू चोळायचा, फळी त्यावर घासायची आणि जिथे लाल लागेल तो उंचवटा रंध्याने काढायचा. पुन्हा गेरू, पुन्हा रंधा. आता भाकऱ्याही लालच खा, असं बायकोने सुनावलं. पहिल्यांदा लाल फक्त दोन कोपऱ्यांना लागलं, मग हळूहळू आत सरकत गेलं. या कामातली शांतता मला आवडते. हात चालतो, डोकं गप्प बसतं.

पण खाली पडणारं प्रत्येक सालपट मेव्हण्यांच्या झाडाचं होतं, आणि फळ्या बारीक होत चालल्या होत्या. जीव तुटत होता. शिकंज्यात दाबून तशाच चिकटवता आल्या असत्या; पण दाबलेलं लाकूड कधीतरी उसळतं आणि सांधा उघडतो. वर गणपती असताना उघडला तर? मी रंधा मारतच राहिलो.

अखेर दोन्ही फळ्या सगळीकडून सारख्या लाल झाल्या. कडा एकमेकींना भिडवून खिडकीसमोर धरल्या, मधून उजेड दिसेना. तेव्हा कुठे चिकटवल्या. जाडी मात्र निम्म्यावर आली होती. खोल नक्षीला जागाच उरली नाही. कडेने पानांच्या नुसत्या रेघा तेवढ्या खोदल्या.

गणपतीच्या आदल्या दिवशी ती न्यायला आली. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं होतं.

"पानं उथळ झाली गो. लाकूडच राहिलं नाही," मी आधीच सांगून टाकलं.

तिने पाट खाली ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले. हलला नाही. मग तो उचलून डोक्यावर घेतला आणि पदर सावरत अंगणात चार पावलं चालून आली.

"बरं झालं दादा, हलका झाला," ती म्हणाली. "उद्या कारखान्यातून गणपती मीच आननार हाय."